हौद्यातली माती

लालासाहेब वस्ताद फौजेतून हवालदार होऊन परतले आणि गावची तालीम आणि तिच्यातला कुस्तीच्या मातीचा हौदा सांभाळू लागले. माणूस तालेवार, पण डोकं म्हणजे तापलेला तवा. त्यांचा एक कायदा मोडायची कुणाची छाती नव्हती: तालमीत बाईमाणूस नको. राखी बांधायची तरी बहिणींनी दाराबाहेर उभं राहायचं.

नगरपंचायतीनं मागच्या सभेत एका दमात रिंगरोड, शहीद स्मारक आणि कुस्तीचा हॉल मंजूर करून टाकला. शहीद म्हणजे वस्तादांचाच पोरगा पृथ्वीराज, सीमेवर पडलेला. त्याच्या नावानं हॉल, आत मॅट, पोरींनाही खेळता येईल असा. ठराव मांडणारी नगरसेविका होती क्रांती, पृथ्वीराजची बायको. सासरा आणि सून एका घरात जेवत, पण बोलत नसत. त्यामुळे हॉल तालमीशेजारच्या पडीक जागेत होणार, असं वस्ताद आपले धरून बसले होते.

सकाळी ते उसाला पाणी देत होते, तोच पट्टीचा पैलवान ज्ञानू धापा टाकत बांधावर आला.

"वस्ताद, जेसीबी घातलाय तालमीत! हौदा उपसत्यात, हॉल तितंच बांधणार म्हनं. माती रिंगरोडच्या भरावाला चाललीया!"

वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं खोरं तसंच घेऊन ते पळत सुटले. मागची भिंत पाडून मशीन आत शिरलं होतं. ताक, तेल, हळद, लिंबू पाजून पिढ्यांनी पोसलेली तांबडी माती बकेटमधून ओघळत होती.

वस्तादांनी काही विचारलं नाही. खोऱ्याच्या पहिल्या घावात काच फुटली, दुसऱ्यात ड्रायव्हरचा खांदा. तालमीतल्या पोरांनी त्याला ओढून खाली घेतला आणि चौघांनी मिळून लाथांनी तुडवला. बिचारा गदगचा माणूस, हात जोडून कानडीत गयावया करत होता. त्याचे दात मातीत पडले, तरी कुणी थांबलं नाही. असल्या वेळी पैलवानकी कुठं जाते, देव जाणे.

"सोडा त्याला! मरंल त्यो!"

क्रांती दार ओलांडून थेट हौद्यात उतरली आणि ड्रायव्हरच्या अंगावर आडवी झाली. पोरं चटका बसल्यागत मागं सरली. वस्ताद मात्र पिसाळले.

"भाईर हो! तालीम बाटवतीस?"

"न्हाई व्हणार. काम मी मंजूर केलंय. हात लावायचा तर मला लावा."

वस्तादांनी लावला. खोऱ्याचा दांडा तिच्या डोक्यात बसला आणि ती तोंडावर मातीत पडली. केसांतून रक्त वाहू लागलं. तरी म्हातारा ओरडतच होता.

"माझा पोरगा हाय ह्या मातीत! त्याची राख मिसळलीया मी हितं! आन् तू त्याला रस्त्याखाली गाडतीस, सटवे?"

क्रांती कोपरांवर उठली. डोळ्यांत उतरलेलं रक्त तिनं पदरानं पुसलं.

"कवा मिसळलीसा?"

"अस्थी आणल्या, त्याच सांजंला. समद्या पोरांम्होरं."

"समद्यांस्नी ठावं हुतं?" तिनं एकेका पैलवानाकडं पाहिलं. माना खाली गेल्या. "मग माहुलीच्या संगमावर माझ्या हातानं काय सोडाय लावलंसा?"

तिला दिलेल्या मडक्यात वस्तादांनी चुलीतली राख भरली होती. बाईमाणसाला तालमीतलं काय सांगायचं, एवढाच विचार तेव्हा केला होता. त्यात काही वावगं आहे, असं त्यांना आजवर एकदाही वाटलं नव्हतं.

"सांगायचं तरी," क्रांती म्हणाली. "येक शब्द बोलला असता, तर मी ह्या जाग्याला हात लावू दिला असता व्हय?"

पोलिसांची जीप आली. ज्ञानू पुढं होऊन म्हणाला, "ताई पाय घसरून पडल्या, साहेब. ड्रायव्हरचं आन् पोरांचं भांडान हुतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"न्हाई," क्रांती म्हणाली. "दोघांस्नीबी ह्यांनी मारलंय. माझ्या सासऱ्यांनी. पोरांनी लाथा घातल्या. घ्या लिवून."

ड्रायव्हरला आधी दवाखान्यात न्यायला तिनंच सांगितलं. स्वतः उठली नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत खुपसून बसली आणि मोठ्यानं रडू लागली. नवरा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती.

जीपमध्ये बसताना वस्तादांना तिला हाक मारावीशी फार वाटली. पण इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलीच नव्हती, आणि आता जीभ उचलेना.