पाशांनी पाजलेली कॉफी

अव्वादच्या धाकट्या मुलीचं, वजहाचं, लग्न झालं त्याच वर्षी ब्रिगेडियर सत्ताम पाशा सैन्यातून निवृत्त झाले आणि अम्मानला त्यांनी पैसे गुंतवून देणारी कंपनी काढली. अव्वाद एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली हवालदार होता. एकदा सीमेवर सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात पाशा स्वतः पुढे झाले. म्हणाले, "माझ्या पावलावर पाऊल टाका." चाळीस जण जिवंत बाहेर आले. तेव्हापासून पाशांना 'का' म्हणून विचारायची कुणाला सवयच उरली नाही.

पाशांचा फोन आला, "आपल्या पलटणीतल्या पोरांना सांग, शंभर दिनारांवर महिन्याला आठ." अव्वाद घरोघर फिरला. कुणी शेत विकलं, कुणी बायकोचं सोनं. एकतीस जणांनी पैसे दिले, तेही अव्वादच्या तोंडाकडे बघून.

चार महिने व्याज आलं, मग बंद झालं. फोनही कुणी उचलेना.

"मी पैसे दिलेल्यांतल्या मुत्लकला आणि आणखी दोघांना घेऊन पाशांच्या घरी जातो," अव्वाद म्हणाला. "सगळ्यांची मुद्दल परत मागतो. तोवर कॉफीला हात लावणार नाही."

तिकडची रीतच तशी. मागणं घेऊन आलेला माणूस पेला पुढ्यात तसाच ठेवतो. यजमानाने शब्द दिला, की मगच पितो. प्यायला, की मागणं मिटलं.

बायको नौफा म्हणाली, "त्या माणसाचा नुसता फोन आला तरी तू खुर्चीतून उठून उभा राहतोस. तू काय पेला ठेवणार!"

पाशांच्या दिवाणखान्यात भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या. दारामागे तीन बॅगा होत्या. कॉफी आली. त्याने पेला खाली ठेवला.

पाशा हसले. त्यांनी थोरल्या मुलाच्या नावाने, तुर्कीचा बाप म्हणून, मानाने हाक मारली, "अरे वा, अबू तुर्की! माझ्याकडे पाहुणा होऊन आलास?"

"पाशा, पोरांचे पैसे..."

"पोरं माझी की तुझी?"

"तुमचीच, पाशा."

"मग?" पाशांचा आवाज खाली आला, त्या पट्ट्यातला आवाज. "अव्वाद. कॉफी पी."

हात आपोआप उठला. घोट घशाखाली उतरल्यावर अव्वादला कळलं, आपण काय केलं ते. शेजारी मुत्लकने डोळे मिटून घेतले.

"झालं तर मग," पाशा उठले. "पोरांना सलाम सांग."

जिन्यात मुत्लक म्हणाला, "प्यायलास?"

"त्यांनी सांगितलं."

"विष दिलं असतं तरी प्यायला असतास, गाढवा. एकटा मेला असतास, आम्ही वाचलो असतो."

चौथ्या दिवशी कंपनीला टाळं लागलं. पाशा विमानाने गेले, कुठे ते कुणालाच कळलं नाही. अव्वादने घर आणि जमीन विकून नऊ जणांची मुद्दल फेडली. उरलेले बावीस जण रस्त्यात दिसले की तो दुसऱ्या गल्लीत वळायचा. पुढच्या वर्षी, रमजानच्या अकराव्या दिवशी, भाड्याच्या खोलीत अव्वाद वारला.