हिरवा कान्होबा

मयुरीने ओसरीतल्या मूर्तींवरचं फडकं उचललं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. काल सांजेला निळे रंगवलेले कान्होबा सकाळी हिरवेगार होऊन बसले होते. एखादा नाही, झाडून सगळे!

आज गोकुळाष्टमी. अहेरीच्या घराघरात संध्याकाळी कान्होबा बसणार आणि ते कुंभारपुऱ्यातूनच जाणार. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच श्रावण. सासूने, धुरपताबाईने, कधी कोणाच्या हाती न दिलेला रंग यंदा तिच्या हाती दिला होता. आता पुन्हा कशाला देते!

"आत्याबाई," तिने कशीबशी हाक मारली.

धुरपताबाई आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे का करून ठेवलं वो, मयुरे?"

"माह्या माहेरी, जिवतीले, आम्ही पोळ्याचे मातीचे बैल करतो न, त्यायले आधी पिवळ्या मातीचा हात देतो. रंग उठून दिसते म्हणून..."

"अन् तो हात वाळला होता का?"

मयुरीने मान खाली घातली. पावसाळी हवेत पिवळा हात ओलाच राहिला होता आणि वरच्या निळ्याने त्याच्याशी रात्रभर संगनमत केलं होतं.

"मारुतीले शेंदूर, महादेवाले भस्म, कान्होबाले निळा. लेकरालेबी समजते," धुरपताबाई करवादली. निळी पुडी संपली होती, दुकानं उघडायला वेळ होता आणि गिऱ्हाईक तर दारात यायला लागलं होतं. तिने बारीक कुंचला घेतला, फतकल मारून बसली आणि एकेका देवाचे डोळे काढू लागली. डोळे काढले म्हणजे मूर्ती विकायची, हे मयुरीला ठाऊक होतं. पण सासूच्या कपाळावरची आठी काही सुटलेली नव्हती.

पहिले आले सोमाजीभाऊ, भजनी मंडळाचे. मूर्ती पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"धुरपताबाई, कान्होबा म्हंजे आभाळाचा रंग. हा तर पोपट हाय!"

तेवढ्यात मागून ठमाबाई पुढे सरकली. पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले, थेट भाताच्या बांधीतून आलेली.

"आभाळाचं नाव नोको काढू, सोमाजी! यंदा पाण्यासाठी आभाळाकडे पाहून पाहून डोये गेले माहे. काल कुठी धानाचा रोवणा सरला. धान असाच दिसून राह्यला, अस्सा!" तिने मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. "हा माह्या बांधीतून उठून आला. मले हाच पाह्यजे."

झालं! ठमाबाई डोक्यावर हिरवा देव घेऊन बाजारातून मिरवत गेली आणि तिच्यामागे बायकांची रीघ लागली. रोवणा म्हणजे भाताची लावणी आटोपलेल्या बाया त्या, हिरव्याला भुलणार नाहीत तर काय? कोणी थट्टा केली, कोणी हसून हसून डोळे पुसले, पण रिकाम्या हाताने कोणी परतलं नाही. मयुरीचे हात मूर्ती देता देता दुखले आणि तिला ते दुखणंही गोड लागलं.

दिवस कलता कलता सोमाजीभाऊ पुन्हा हजर. नजर चुकवत म्हणाले,

"घरची म्हणते, ठमाबाईसारखाच आण. आहे का एखादा?"

ओसरीत एकच उरला होता. मयुरीने तो उचलायला हात पुढे केला.

"ठेव खाली," धुरपताबाई म्हणाली. "तो इकायचा नाई."

"काऊन वो?" सोमाजीभाऊंनी विचारलं.

"आमच्या घरी बसवाचा हाय."

सोमाजीभाऊंचे डोळे मोठे झाले. "तुमच्या घरी हिरवा? तुमीच त सकाळी बोलून राह्यल्या होत्या म्हणे..."

"सकाळी बोलली असन. माह्या सुनेच्या हातचा पह्यला देव हाय तो, दुसऱ्याच्या घरी काऊन देऊ?"

मयुरीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"उभी काय राह्यली?" धुरपताबाई खेकसली. "चौरंग धुऊन आण. देव खोळंबला न!"