उद्याची खूण

त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी घालायला दोन माणसं लागत. एकट्याने घातलेली घडी मुकादम उलगडून टाकायचा, वर टोमणा मारायचा तो वेगळाच. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे चार हातांत घ्यायचे, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकांकडे यायचं. एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या बोटांत द्यायचे, खाली लोंबणारी कड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसाला चारशे चादरी. सहा वर्षं वहिनीच्या समोर एकच माणूस उभा राहत आला होता.

तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथल्याच गाडीवर ड्रायव्हर होता आणि तो साऱ्या जगाचा दादा होता. समोरच्या माणसाला म्हणत कोपरेमास्तर. कोपऱ्यावर कोपरा केसभर इकडेतिकडे झालेला त्याला खपत नसे. वहिनीला अंगठा आत दुमडून कोपरा धरायची खोड होती. तसं केलं की तो तिच्या अंगठ्यावर टिचकी मारायचा. तो जन्मापासून बहिरा होता. बाकीच्या बायका त्याच्याशी ओरडून बोलायच्या आणि त्याला कळलं नाही की त्याच्यावरच चिडायच्या. वहिनी मात्र हातांनी बोलायची. तिची आई बहिरी होती, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधीच ती खुणांनी बोलायला शिकली होती. साऱ्या धुलाईघरात त्याच्याशी दोन शब्द नीट बोलू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती प्रार्थना करायची, तीही आईसारखीच, हातांनी. मधलं बोट एका तळहाताच्या मधोमध टेकवायचं, मग दुसऱ्याच्या. खिळ्यांच्या जागा. आईने तिला येशूचं नाव तेच शिकवलं होतं. एक दिवस कोपरेमास्तरने ते पाहिलं, तीच खूण स्वतःच्या तळहातांवर केली आणि भुवया उंचावल्या. हा कोण? याच्या हातांना काय झालं?

वहिनीचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिने हात पुढे उडवला. उद्या.

त्यात खोटं काही नव्हतं. तिला नीट सांगायचं होतं, इतकंच. क्षमा या शब्दाची आईची खूण घरगुती होती, ती याला कळेल का? मेलेला उठला असं सरळ दाखवलं आणि तो हसला तर? तिने वही आणली, चित्रं काढली, खोडली, पुन्हा काढली. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, देवाने तुझ्या हातांत जे दिलंय ते आपल्या अख्ख्या मंडळीत कोणाकडे नाही. वही कशाला? सांगून मोकळी हो." तिने मान डोलावली आणि घरी येऊन वहीला नवं कव्हर घातलं.

खरं म्हणजे ती घाबरली होती. आईने इतक्या मायेने सांगितलेली गोष्ट आपल्या हातून मोडकीतोडकी निघेल आणि समोरचा चेहरा कोराच राहील, याची तिला धास्ती होती.

दरम्यान कोपरेमास्तर ट्रॉलीला धडकू लागला. कडेचं दिसत नाही, त्याने खुणेने सांगितलं, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले होते की नजर हळूहळू जाईल, बहुधा बरीच वर्षं लागतील. वहिनीच्या लक्षात बरीच वर्षं एवढंच राहिलं. सात महिने तो मधूनमधून तळहात दाबून विचारत राहिला आणि ती हात उडवत राहिली.

मग एका सोमवारी तो आला नाही. तीन आठवडे आला नाही. चौथ्या आठवड्यात त्याची धाकटी बहीण त्याचा अ‍ॅप्रन आणि डबा न्यायला आली.

"गेली नजर," ती म्हणाली. "डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं इतक्या लवकर. आता कोणी हात लावला तरी दचकतो, झटकून टाकतो. कानांनी ऐकत नव्हताच, आता डोळेही नाहीत. कसं बोलायचं त्याच्याशी?" ती डब्याचं झाकण उगाच लावत काढत राहिली. "आणि ताई, दिवसभर असे तळहात दाबत बसतो. एक झाला की दुसरा. दुखतात का, म्हणून डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, काही नाहीये."

तिने करून दाखवलं. मधलं बोट, मधोमध.

वहिनीने त्याचा अ‍ॅप्रन घडी घालून तिच्या हातात दिला. बहीण डबा घेऊन निघून गेली.

त्या दिवसापासून ते तिच्या मागे लागलं. भूत म्हणावं तर माणूस जिवंत होता, चार गल्ल्या पलीकडे खोलीत बसलेला होता. पण सुकत घातलेल्या चादरींच्या रांगेतून जाताना चादर हलली की पलीकडून कोणीतरी तळहात टेकवलाय असं तिला वाटायचं. ती कापड बाजूला सारायची. पलीकडे दुसरी चादर असायची. घडी घालताना समोरून ओढ यायची ती त्याचीच, जरा डावीकडे झुकलेली, आणि मान वर केली की नवी जोडीदारीण दिसायची. ही जाडजूड मावशी होती, तोंडाचा पट्टा अखंड चालू. अंगठा आत दुमडायचं मात्र वहिनीला धाडस होईना. टिचकी बसेल की काय अशी भीती वाटायची, आणि बसणार नाही याची त्याहून जास्त.

घरी तिचे हात आपोआप हलू लागले. भांडी घासता घासता मधलं बोट तळहातावर जायचं.

"काय गं, हात भाजलाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई."

"मग असं काय करतेस सारखं? बघवत नाही मला."

तिलाही बघवत नव्हतं. वही उघडली तर आत सुबक चित्रं होती, डोळे असणाऱ्या माणसासाठी काढलेली. तिने वही मिटली. आता काय सांगणार आणि कसं? प्रार्थनेला बसली की शब्दांआधी तो प्रश्न यायचा, भुवया उंचावलेला. देवाने डोळस माणूस माझ्यासमोर उभा केला होता, सहा वर्षं, हातभर अंतरावर. आणि मी काय केलं? वहीला कव्हर घातलं.

असाच दीड महिना गेला. मग एक दिवस भर सकाळी वाफेचा नळ फुटला. फस्सकन आवाज झाला आणि सगळं धुलाईघर पांढरं झालं. स्वतःचे हात दिसेनात. कोणाला काही झालं नव्हतं, मुकादम दुरून ओरडत होता, "जागेवर थांबा! नळ बंद करतोय!" मावशीला थांबणं ठाऊक नव्हतं. हातात चादर होती, ती बडबडत पुढे आलीच. तिची बोटं वहिनीच्या बोटांना भिडली, कोपरे बरोबर हातात आले, खाली लोंबणारी कडही सापडली. काही न दिसता घडी पुरी झाली.

वहिनी तशीच उभी राहिली. दिवसाला चारशे चादरी, आणि दर चादरीला दोनदा त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची. डोळ्यांची गरजच कुठे होती?

वाफ विरली तेव्हा ती मुकादमासमोर होती. "अर्धा दिवस सुट्टी हवी. आणि एक चादर. संध्याकाळी आणून देते."

"उद्या जा ना. आज बघतेस ना काय गोंधळ झालाय?"

"उद्या नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज असा काही निघाला की मुकादमाने स्वतःच चादर काढून दिली.

खोली लहान आणि स्वच्छ होती. कोपरेमास्तर खुर्चीत बसून तळहात दाबत होता. वहिनीने खांद्याला हात लावताच तो अंग चोरून मागे सरला. तिने हात काढून घेतला आणि चादरीचे दोन कोपरे त्याच्या बोटांत ठेवले. तो थबकला. बोटांनी कड चाचपली. मग उठून उभा राहिला.

ती मागे गेली. त्याने झटका दिला, जरा डावीकडे झुकलेला. दोघं चालत जवळ आली. तिने अंगठा आत दुमडला होता. त्याची बोटं आली, अंगठ्यावर थांबली, आणि त्याने टिचकी मारली.

वहिनीला रडू फुटलं. चादर खाली पडली, पण तिने त्याचे हात सोडले नाहीत. त्याने तिचा तळहात उलटा केला, मधोमध आपलं बोट टेकवलं आणि वाट पाहत राहिला.

तिने त्याचे हात आपल्या हातांवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. खूण तिचे हात करत होते, वरून त्याचे हात वाचत होते. गोष्ट मोडकीच निघाली. क्षमेपाशी ती अडखळली, तेव्हा आईची घरगुती खूण केली, उघडी ओंजळ छातीशी. त्याने ती पुन्हा करायला लावली. खिळ्यांपाशी आली तेव्हा त्याचे हात जड झाले. त्याने तिचे हात थांबवले आणि तिच्याच बोटांवर विचारलं: माझे डोळे होते, तेव्हा तुला हे माहीत होतं?

खोटं बोलायला हातांना वाव नव्हता. हो, तिने सांगितलं.

त्याची बोटं सैल झाली. तिला वाटलं, आता झटकून टाकेल. टाकावंच त्याने. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तिचा उजवा हात पुढे उडायला निघाला. त्याने मनगट घट्ट पकडलं. हात परत छातीपाशी आणला आणि तिथेच धरून ठेवला. पुढे सांग.

दारात त्याची बहीण उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. भावाने कोणाला हात धरू दिलाय, हे तिने त्याची नजर गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"काय सांगताय त्याला एवढं?" तिने हळूच विचारलं. "मलाही सांगा ना कधीतरी."

"कधीतरी नाही," वहिनी म्हणाली. "इथे बसा."

आणि हातांनी त्याला, तोंडाने तिला, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.