नळापाशी उभी राहणारी आई

पोर रडत असताना आईनं नळापाशी उभं राहावं, हे मला आता पटत नाही. एखाद्या वेळी झालं असतं तर मी डोळेझाक केली असती. पण चिमूटच्या आईचं रोजचंच होतं ते. पोरीनं ओठ काढला रे काढला, की बाईसाहेब पोरीकडे पाठ करून आधी बेसिन गाठणार, बाह्या कोपरापर्यंत सारणार आणि साबण लावून हात घासत राहणार. इकडे पोर रडून लालबुंद. आजची अक्कल तेव्हा असती आणि मला उठता आलं असतं, तर मीच तिला दंडाला धरून फिरवली असती.

पण मला उठता येत नाही. मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि अक्षर म्हणाल तर मला माशीच्या पायासारखं दिसतं. जे काही कळतं ते पाठीला आणि मांडीला कळतं. तेवढं माझ्या एका जन्माला पुरलं.

एका सुताराने माझा सांगाडा केला. माणूस सावकाश होता, एकेका सांध्याला अर्धा दिवस लावायचा. मला चढवलेलं निळं रेक्झिन ज्याने ठोकलं, तो बारीक खिळे ओठांत धरून काम करायचा, त्यामुळे त्याच्या तोंडून एक शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. दोघांनी मला चांगली ऐसपैस केली. उजव्या हाताशी एक दांडा बसवला. तो ओढला की माझी पाठ मागे जाते आणि बसणारी बाई निम्मी आडवी होते. तिथून मला थेट एका दवाखान्यात नेलं, जिथे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ठेवतात त्या वॉर्डात.

पहिल्या दिवशी मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? काचेच्या पेट्या, त्यांत पंजाएवढी बाळं, नाकात नळ्या, आणि सगळीकडे पीं पीं करणारी यंत्रं. तिथे कुणी स्वस्थ नसे. आया यंत्राच्या आकड्यांकडे बघायच्या, बाप दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचे, सिस्टर धावत असायच्या. त्या सगळ्या धावपळीत एका जागी बसायचं काम माझ्याकडे होतं. आई माझ्यावर टेकायची, मोठ्या सिस्टर बाळाला पेटीतून काढून तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायच्या, डोक्यावर टोपी, वरून कापड, आणि माझा दांडा मागे. थोड्या वेळाने बाळाचा श्वास आईच्या श्वासाच्या मागोमाग चालायला लागायचा. मग यंत्रही जरा जीभ आवरायचं. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक म्हणत. मी त्याला बसणं म्हणते.

बाहेरून पाहुणे आले की माझा फोटो काढायचे. मोठ्या सिस्टर त्यांना सांगायच्या, या खुर्चीनं आमचा निम्मा वॉर्ड सांभाळलाय. निम्मा म्हणे! मी दोन दिवस त्यांच्यावर रुसून होते.

चिमूट आली ती बारा आठवडे आधी. खरं नाव ठेवायलाही कुणाला सवड झाली नव्हती. मिठासारखी चिमटीत उचलावी एवढीशी, म्हणून वॉर्डानेच तिला चिमूट केलं. तिसऱ्या दिवशी तिची आई भिंत धरत, कशीबशी उभी राहत पेटीपर्यंत आली. हात धुवायचे असतात हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. तिने पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घातलं, आणि चिमूटने ते धरलं. तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी पाहिलं आणि चार लोकांत तिला बोलल्या. कुणालाही बोलल्या असत्या तेवढंच, जास्त नाही.

दोन दिवसांनी चिमूटच्या रक्तात जंतू सापडले. पोर निळी पडली. सहा दिवस यंत्राने तिच्यासाठी श्वास घेतला. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं, की एवढ्या लहान बाळाला हे शंभर वाटांनी होतं, तुमच्या बोटाने झालं असं कुणीही म्हणू शकत नाही. आईने मान हलवली. पण मान हलवणं आणि पटणं यांत किती अंतर असतं, ते माझ्यावर बसलेल्या बायांनी मला शिकवलंय.

तेव्हापासून ती नळाची झाली. हातांची सालं निघाली तरी घासायची. माझ्यावर बसायची तीही कडेला, कुणी उठ म्हणेल अशी. आणि आता माझीही चूक कबूल करते. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. शिस्तीची बाई आहे, असंच मी म्हटलं होतं मनात. सगळ्या वॉर्डाने म्हटलं. चौऱ्याऐंशी दिवसांनी ती लेक घेऊन घरी गेली, तेव्हा सिस्टरांनी तिला दूध, वजन, औषध, तारखा असं सगळं लिहून दिलं. धुवा म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं. आता पुरे, हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढे बटणावर हलणाऱ्या नव्या खुर्च्या आल्या आणि मला वरच्या मजल्यावर पाठवलं. उचलून नव्हे, ओढत. जिन्यात माझा मागचा पाय मोडला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, की झाली दुरुस्ती. वरच्या खोलीत घरी गेलेली बाळं तपासणीला येतात. धडपडतात, ठोकळे फेकतात, कुणी माझ्या हाताला चावतं. माझ्याबरोबर वॉर्डातल्या मावशीही वर आल्या. त्यांचेही गुडघे गेलेले. आम्हा दोघींना हलकं काम म्हणून एकाच दिवशी हलवलं, हे त्या लोकांना हसत सांगतात. मी हसत नाही.

तिथेच चिमूट मला पुन्हा दिसली. अशा पोरांना दोन वयं असतात. जन्मापासून मोजलं तर ती पावणेदोन वर्षांची, यायला हवी होती त्या दिवसापासून मोजलं तर दीडची. नुकतीच पाय टाकायला लागलेली. आईच्या हातात जाड वही होती, आणि बाप मागे पिशवी धरून उभा. खोलीतल्या खेळताईंनी, म्हणजे पोरांना खेळवून पारखणाऱ्या मुलीने, चिमूटला ठोकळे दिले आणि आईला सांगितलं की दोन मिनिटं बाहेर जा, मग या. परत आल्यावर पोर काय करतं ते मला बघायचंय.

आई बाहेर गेली. चिमूटने दाराकडे पाहिलं, ठोकळा टाकला आणि रडायला लागली. तोवर ठीक होतं. आई आत आली. आता कुठलंही पोर कुठे जाईल? चिमूट उठली, रडत रडत आईच्या जवळून सरळ पुढे गेली आणि कोपऱ्यातल्या बेसिनखाली जाऊन उभी राहिली. बेसिनचा पाइप दोन्ही हातांनी धरला आणि रडणं एकदम थांबवलं. नुसती उभी. खेळताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही, पण लिहिताना त्यांचं तोंड उतरलं ते मला दिसलं.

आई भिंतीशी बाकावर टेकली आणि तिने वही मांडीवर घट्ट धरली. घरीही असंच करते, म्हणाली. पडली, घाबरली, की बेसिनपाशी जाते. पाण्याचं वेड आहे म्हणून सोडून दिलं. बाप काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

"ती माझ्याकडे येत नाही," ती म्हणाली. "पहिले चौऱ्याऐंशी दिवस तुमच्या लोकांनी वाढवली तिला. मी कोण आहे, हेच तिला कळलेलं नाही. लिहा तसं."

माझ्या पाठीतून कळ गेली. काही बोलावं तर आम्हा खुर्च्यांचं ऐकतं कोण?

मावशी फडकं घेऊन खिडकी पुसत होत्या. त्या न वळताच म्हणाल्या, "घरी पोर रडली की तू काय करतेस गं?"

"उचलते की."

"त्याच्या आधी?"

"आधी हात धुते."

"रोज?"

"रोज. दर वेळी." आणि मग तिने बेसिनकडे पाहिलं.

मावशी वळल्या. "मग पोरीनं कुठं थांबावं, बाई? तू जिथं येतेस तिथंच थांबलीये ती."

खेळताईंनी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. बापाने पिशवी खाली ठेवली. आई उठली आणि बेसिनपाशी गेली, आणि मित्रांनो, तिथे पोचताच तिचा हात सवयीने नळाकडे गेला. चिमूटने मान वर केली आणि पाइप सोडला. पाण्याचा आवाज झाला की आपल्याला उचलतात, हे तिला ठाऊक होतं. तिचे दोन्ही हात वर तयार.

आईचे हात वहीच्या शाईने, जिन्याच्या कठड्याने, दाराच्या कडीने मळलेले. मला वाटलं, आता ही पाणी सोडणार. एक वेळ तर मी आशाच सोडली. मग ती खाली वाकली आणि तशाच हातांनी तिने पोरीला उचललं. चिमूट दचकली. पाणी न वाजताच उचललं, हे तिला नवं होतं. मग तिने गाल आईच्या गळ्याशी खुपसला.

मावशींनी मला पायाने पुढे सरकवलं, आणि चिमूटची आई माझ्यावर बसली. या खेपेला कडेला नाही. पार मागे टेकून. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण दोघींचा श्वास एका चालीवर यायला लागला होता एवढं मी माझ्या पाठीने सांगते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचं एवढंच मागणं असतं. आम्हाला ओढू नका, उचला. आणि घरातलं लहान पडलं-रडलं, तर आधी त्याला उचला, बाकीचं सगळं मागून. जो नियम काही दिवसांपुरता कुणी घालून दिला, तो संपलाय का, हे अधूनमधून मोठ्यांना विचारा. मोठी माणसं सांगायला विसरतात. मी विसरले होते.

तेवढ्यात चिमूट मांडीवरून घसरली आणि ठोकळ्यांकडे निघाली. दोन पावलांवर आपटली. फरशीवर हात टेकून उठली. एकदा बेसिनकडे पाहिलं, एकदा आईकडे. आणि आईकडे आली. फरशीची धूळ लागलेले दोन्ही पंजे तिने आईच्या गालांवर थापले. आईचे डोळे गेलेच कोपऱ्याकडे. तिचं वजन माझ्यावरून उठायला लागलं. आता मात्र मला राहवेना. मी मोडका पाय फरशीवर करकरवला आणि मोठ्याने म्हणाले,

"खाली बस. आईपण तू चुकीच्या ठिकाणी, नळापाशी शिकलीस, पण शिकलीस जिवापाड, आणि पोरीनं तेवढंच धरून ठेवलंय. तिला तू कळली आहेस, बाई. आता ते तुला कळायचं राहिलंय."