उभ्या कोटाची हकिकत

मित्रांनो, खुर्चीवर बसणे म्हणजे काय असते, हे ज्याला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते, असा मी एक जुना कोट आहे. लष्करातील एका बिगुलवाल्याचा समारंभी कोट. आज माझा गडद निळा रंग कोपरांवर फिका पडला आहे आणि डाव्या खांद्यावरचा लाल गोफ थोडा उसवला आहे. तथापि बटणे पितळेची आहेत आणि अजूनही त्यांत समोरच्या माणसाचे तोंड दिसते. माझ्या मागच्या घेरावर मात्र एक आडवी घडी आहे. ती घडी कशी पडली, तेच तुम्हांस सांगावयाचे आहे.

माझा जन्म पलटणीच्या शिंप्याच्या हातून झाला. हे शिंपी मोठे विलक्षण गृहस्थ होते. इतर शिपायांच्या छातीचे माप ते एकदाच घेत, पण बिगुलवाल्याचे दोनदा घेत. आधी साधे माप घ्यायचे, मग म्हणायचे, "आता भर श्वास. आणखी भर. फुकट आहे." माझ्या मालकांनी श्वास भरला तेव्हा शिंप्यांची फीत त्यांच्या बोटांतून सुटली. त्या भरल्या छातीच्या मापाने मला बेतले. म्हणून मी खुंटीवर टांगलेला असलो म्हणजे बेढब आणि ढगळ दिसतो. माझे खरे रूप श्वास भरल्यावाचून दिसत नाही.

माझ्या मालकांचे काम काय होते, हे सांगताना आजही माझे धागे ताठ होतात. लढाईत जो शिपाई कामी येई, त्याला निरोप देण्यासाठी ते बिगूल वाजवीत. लोकांच्या माना खाली असत. कोणाची आई असे, कोणाची पत्नी असे. वाऱ्याचा आवाजसुद्धा तेव्हा मोठा वाटे. अशा वेळी मालक एक पाऊल पुढे टाकीत आणि श्वास भरीत. मी आतून ताणला जाई, माझ्या शिवणी करकरत, आणि मग तो सूर निघे. मित्रांनो, मी तर कापड आहे. पण त्या सुराच्या वेळी एवढ्या मोठ्या आकाशाखाली मला उभे राहायला मिळाले, ह्याचे आश्चर्य मला आजतागायत पुरलेले आहे.

त्या बिगुलवाल्यांचा आपसांत एक रिवाज होता. तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. निरोपाचा कोट अंगात असेपर्यंत बसायचे नाही. ज्याला निरोप द्यायला गेलो तो आता उठणार नाही, मग आपण तरी बसायचे कशाला, असे त्यांचे साधे म्हणणे. ट्रकमध्ये बाके असत, तरी ही माणसे कडी धरून उभी राहत. रस्ता खराब असला की एकमेकांवर आदळत आणि एकमेकांना शिव्या देत, पण बसत नसत. जेवायचे झाले तर आधी मला उतरवून खुंटीवर लावीत. यामुळे माझ्या पाठीला कसली घडी म्हणून माहीत नव्हती.

पुढे मालक निवृत्त झाले. पत्नी आधीच गेली होती, सबब ते आपल्या मुलीच्या घरी राहावयास आले. मला त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले. सोबतीला बिगूल आणि डांबरगोळ्या. पहिली काही वर्षे ते मला वरचेवर काढून उन्हात दाखवीत. मग गुडघे दुखू लागले, पेटी पलंगाखाली गेली आणि माझे ऊन बंद झाले. डांबरगोळ्यासुद्धा विरून संपल्या. अंधारात पडल्या पडल्या मला वाटू लागले की, जगात आता कोणी मरत नसावे, किंवा निरोप घेत नसावे.

आणि एके दिवशी झाकण उघडले. पण हात मालकांचे नव्हते. ते जावईबापूंचे होते.

जावईबापू विमा कचेरीत नोकरीला. मनाने सरळ, स्वभावाने हसरे आणि पोटाने थोडे पुढे. त्यांच्या कचेरीत स्नेहसंमेलन होते आणि प्रत्येकाने काहीतरी सोंग घेऊन यावे असे ठरले होते. मालक त्या वेळी आपल्या बहिणीकडे गेले होते. मुलीने मला नवऱ्याच्या हातात पाहिले आणि ती म्हणाली की, अहो, आधी बाबांना विचारायला हवं.

"विचारलं तर नाही म्हणतील," जावईबापू म्हणाले. "म्हणून तर विचारत नाही."

त्यावर दोघांचे बरेच बोलणे झाले. जावईबापूंचे म्हणणे असे की, कापड हे अंगात घालण्यासाठी असते, पेटीत कसर लागण्यासाठी नव्हे. शिवाय आपण काही टिंगल करीत नाही, उलट लोकांना शिपायाची आठवण होईल, मान वाढेल. त्यांचे बोलणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. मुलीला ते पटले नाही, पण खोडताही आले नाही. शेवटी ती एवढेच म्हणाली, "घाला. पण बटणं लागली नाहीत तर मला दोष देऊ नका."

बटणे लागली. पोटावर मी घट्ट झालो आणि छातीवर मात्र रिकामा लोंबत राहिलो. जावईबापूंनी आरशासमोर छाती फुगवून पाहिली, तरी शिंप्याचे दुसरे माप काही भरले नाही.

आता खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी दिवे पाहिले, माणसे पाहिली. त्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या सभागृहात कोणी राजा होता, कोणी डॉक्टर, कोणी भूत. माझ्याकडे बघून सगळे वाहवा करू लागले. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या रोखपालाने विचारले, "काय सेनापती, लढाई कुठवर आली?" जावईबापू म्हणाले, "केकपर्यंत आली आहे महाराज, पण शत्रू पुढे रांगेत आहे." सारे हसले. हरएक जण हसत हसत सलाम ठोकी आणि जावईबापू हसत हसत तो परत करीत. त्या सलामांत कपट नव्हते. मीही तो मान स्वीकारीत गेलो. मला वाटले, माझे दिवस परत आले.

मग जावईबापू ताट घेऊन जेवणाच्या रांगेत उभे राहिले. पलीकडे एक मध्यम वयाच्या बाई वाढत होत्या. त्या त्याच सभागृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला पाहिले. हातातला डाव त्यांनी खाली ठेवला. पदराला हात पुसले. आणि मित्रांनो, त्या ताठ उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही रांगेत कशाला?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या राजाला व भुताला थांबवून त्यांनी जावईबापूंचे ताट आपल्या हाताने वाढले. मग हळू आवाजात बोलल्या, "माझ्या भावाला पोचवायला तुमच्यातलेच एक आले होते. बिगुलवाले. लाल दोरी होती अशीच. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. कोणाला शोधणार? आज तुमचे मानते."

एवढे म्हणून त्यांनी मान लववली.

मागची रांग पुढे सरकली. जावईबापू ताट घेऊन एका कोपऱ्यात गेले आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसले. मी त्यांच्याखाली चेपला गेलो. माझ्या आयुष्यातले ते पहिले बसणे. जावईबापू एक घासही न घेता तसेच बसून राहिले, आणि माझ्या मागच्या घेरावर घडी पडली.

घरी आल्यावर त्यांनी मला जसाच्या तसा पेटीत ठेवला आणि बायकोला सांगितले की, संमेलन छान झाले.

काही दिवसांनी मालक बहिणीकडून परतले. आल्यावर त्यांना वाटले, बऱ्याच काळात कोटाला ऊन दाखवले नाही. त्यांनी पेटी ओढली, मला उलगडले, खिडकीच्या उजेडात धरले आणि पाठीवरून हात फिरवला. पेटीतल्या उभ्या घड्या ओलांडून तो हात त्या आडव्या घडीपाशी थांबला. त्यांनी मागे न पाहताच विचारले, "यात बसलं कोण?"

मुलीच्या हातातले भांडे वाजायचे थांबले. जावईबापू वर्तमानपत्र वाचत होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

मुलगी लगेच मध्ये पडून म्हणाली की, चूक माझीही आहे, मीच घाला म्हणाले. मालकांनी तिला हातानेच थांबवले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. जावईबापूंनी सगळी हकिकत सांगितली. सलाम सांगितले, राजा सांगितला, आणि शेवटी त्या बाई सांगितल्या. मालक माझ्या बटणाशी चाळा करीत ऐकत होते.

"मग ते आभार कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"माझ्याकडेच आहेत."

"तुमचे आहेत का जावईबापू?"

"नाहीत बाबा. म्हणून तर घास उतरला नाही."

मालक म्हणाले की, कोट गेला, मळला, फाटला तरी मी काही बोलणार नाही, कापडच ते. पण त्या बाईंनी दिलेली वस्तू भलत्याच घरात पडून आहे, ती नेऊन पोचवा. जावईबापू म्हणाले की, खरे सांगितले तर बाईंना फार लागेल. मालक म्हणाले, लागेल. मग जावईबापू चाचरत म्हणाले, "तुम्ही याल का बरोबर? मी एकटा गेलो तर फक्त काढून घेतल्यासारखं होईल. द्यायला माझ्याकडे काही नाही."

मालकांनी आधी नाही म्हटले. गुडघे नाहीत, दम नाही, आता तो माणूस मी राहिलो नाही, असे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने पाहिले तर ते दाढी करून, मला अंगात घालून दाराशी उभे होते. माझी छाती त्यांच्याही अंगावर आता लोंबत होती. मुलीने इस्त्री तापवली, मला अंगातच ओढून धरले, पण ती घडी काही जाईना. "राहू दे," मालक म्हणाले.

ते दोघे बसने निघाले. एका तरुणीने उठून मालकांना जागा दिली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि कडी धरून उभेच राहिले. ती म्हणाली, आजोबा बसा, पाय थरथरताहेत. मालक म्हणाले, ते त्यांचं काम आहे, मी माझं करतो. जावईबापूंच्या शेजारची जागाही रिकामी झाली. हातात बिगुलाची पिशवी धरून तेही उभेच राहिले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी ते पाहिले आणि मला ह्या माणसाविषयी प्रथमच आदर वाटला.

सभागृहाच्या स्वयंपाकघरात त्या बाई एक मोठे पातेले घासत होत्या. जावईबापूंनी एका दमात सांगून टाकले की, मी शिपाई नाही, तो कोट माझा नव्हता, तुमचे आभार मी चुकून घेतले. बाई घासत राहिल्या. मग हात थांबले.

"मी घरी जाऊन आईला सांगितलं," त्या म्हणाल्या. "आई अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, बरं झालं, एकदाचं ओझं उतरलं. शांत झोपली हो ती. आता मी तिला काय सांगू?"

जावईबापूंची मान खाली गेली. तेव्हा मालक पुढे झाले. एक पाऊल. मला ते पाऊल ओळखीचे होते.

"सांगा की आज मानले," ते म्हणाले.

बाईंनी माझा लाल गोफ पाहिला, मग मालकांचा चेहरा. "तुम्हीच होता का?"

"ठाऊक नाही, बाई. आम्ही समोर बघत नव्हतो. बघितलं असतं तर श्वास पुरला नसता."

बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या की, त्या दिवशी मी आईला सावरत होते, बिगुलाची सुरुवात ऐकली, शेवट ऐकलाच नाही. पुढे त्यांनी काही मागितले नाही. पण मालकांनी जावईबापूंकडे हात केला आणि जावईबापूंनी पिशवीतून बिगूल काढून दिला.

मित्रांनो, जे घडले त्याचे वर्णन करण्यास मी अपुरा आहे. मालकांनी श्वास घेतला. थोडा घेतला, आणखी घेतला. त्या वाकलेल्या, सुकलेल्या देहात तो कोठून येत होता, देव जाणे. माझ्या सुरकुत्या सुटू लागल्या, शिवणी करकरल्या, बटणे ताणली गेली, आणि शिंप्याने बोटांतून फीत सुटेपर्यंत घेतलेले ते दुसरे माप काठोकाठ भरले. मग तो सूर निघाला. फक्त शेवटचा भाग. आचाऱ्याने गॅस बंद केला. भाजी चिरणारे उठून उभे राहिले. भिंतीवरची पातेली बारीक आवाजात थरारत होती. शेवटचा स्वर थोडा फाटला, पण पडला नाही. तो गेला, आणि त्याच्या मागे जी शांतता आली तीत एवढ्या माणसांचा श्वासही ऐकू येत नव्हता.

बाईंनी मान लववली. मालकांनी सलाम केला. ती देवघेव पुरी झाली. निघताना बाई मागून आल्या, माझ्या घेरावरची घडी त्यांना दिसली, आणि ओल्या हाताने त्यांनी ती सारखी केली.

घडी गेली नाही. अजूनही आहे. मात्र आता मला तिची लाज वाटत नाही. पुढच्या संमेलनाला जावईबापू जुन्या पडद्याचा झगा शिवून राजा होऊन गेले, पोटभर जेवले, बसले, नाचले. घरी येऊन त्यांनी पेटी उघडली आणि मला नव्या डांबरगोळ्या घातल्या.

तेव्हा मित्रांनो, सोंगे जरूर घ्या. हसा, नाचा. शिपाईच व्हायचे असेल तर नवे कापड आणा, पुठ्ठ्याची बटणे लावा, बघणाऱ्याला दुरूनच कळू द्या की हा खेळ आहे. पण ज्यात कोणी खरोखर उभे राहिले आहे असा एखादा जुना कोट हाती आला, तर त्याला ऊन दाखवा, कसर झटका, आणि अंगात घालण्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारा. वाटेत कोणी अनोळखी माणूस हातातले काम ठेवून तुमच्यासमोर ताठ उभा राहिला, तर त्याने दिलेले तुम्ही कोणाच्या घरी नेऊन पोचवाल?