उजवा डोळा आधी

नेत्रसहायकाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी सांगतात, तपासायचा नेहमी उजवा डोळा आधी. सगळ्यांनी एकाच क्रमाने तपासलं म्हणजे लिहिताना उजव्याचं डाव्यात जात नाही, एवढंच त्यामागचं कारण. मला असे नियम आवडतात. आमच्या घरात मी सोडून कोणालाच आवडत नाहीत.

घरात आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. बाबा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत ते व्हॅनकाका. चौतिसाव्या वर्षी मी दुकानातली नोकरी सोडून पुन्हा शिकायला बसले, तेव्हा आई म्हणाली, "आता या वयात हे काय नवीन खूळ?" बाबा म्हणाले, "शिकू दे की तिला. सरावाला माझे डोळे घे गं."

आणि खरंच दिले. अक्षरांचा तक्ता मी बाहेरच्या दारावर आतून चिकटवला. तिथून सहा मीटर मोजले तर बाबांचं स्टूल थेट न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आलं. "तुमची तपासणी संपेपर्यंत मी पारोशीच बसू का?" असं आईने विचारलं, पण तिचं कोण ऐकतंय! बाबा तळहाताने डावा डोळा झाकायचे आणि उजव्याने वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या बारीक ओळीपर्यंत वाचत जायचे. मग उजवा झाकून डाव्याने. तेही धडाधड. "दोन्ही सहा-सहा!" मी जाहीर करायची. म्हणजे नजर अगदी चोख. बाबा मांडीवर थाप मारायचे.

माझ्यापेक्षा त्यांनाच उत्साह जास्त. बाहेर जाताना दाराशी चप्पल घालता घालताही ते तक्ता जवळून न्याहाळायचे. एखाद्या दिवशी मी दमून आले तर स्वतःच स्टूल सरकवून बसायचे. "काय डॉक्टरीणबाई, आज तपासायचं नाही वाटतं?" वर्गातल्या इतर मुलींचे घरचे सरावाला कंटाळलेले. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले होते, बाप असावा तर असा.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा एक हट्ट होता. प्रत्येक शब्द दोनदा सांगायचा, एकदा पुस्तकातला आणि एकदा पेशंटला कळेल असा. कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. रेटिना म्हणजे मागचा पडदा. मी हे सगळं घरी येरझाऱ्या घालत मोठ्याने घोकायची. एकदा मॅडमनी मला उभं केलं आणि विचारलं, "ग्लॉकोमा?"

"काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू मरते. दुखत नाही, कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही." एका दमात म्हटलं मी.

"पाठांतर छान आहे," मॅडम म्हणाल्या. "समोर माणूस बसलेला असताना सांगशील, तेव्हा बघू."

मला राग आला. उत्तर बरोबर असताना टोमणा कशाला? पण मॅडमना कोण बोलणार.

पुढच्या आठवड्यात टॉर्च हातात आला. एका डोळ्यावर उजेड टाकायचा, मग चटकन दुसऱ्यावर न्यायचा, परत पहिल्यावर. डोळ्याची बाहुली उजेडात लहान होते, आणि टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला तरी दोन्ही बाहुल्या लहानच राहायला हव्यात. उजेड पडल्यावर एखादी उलट मोठी झाली, तर त्या बाजूची नस उजेड पुढे पोचवत नाही असं समजायचं.

घरी आल्याबरोबर बाबांना बसवलं. उजव्यावर उजेड टाकला, बाहुली लहान. डाव्यावर नेला, तर बाहुली पसरली. परत उजव्यावर, लहान. डाव्यावर, मोठी. मी टॉर्चमधले सेल बदलले. खोलीतला दिवा घालवला. "डोळे मिचकावू नका हो!" म्हणून बाबांवर खेकसले. मग आईला हाताला धरून आणलं. तिच्या दोन्ही बाहुल्या शहाण्यासारख्या वागल्या. बाबांच्या डाव्या डोळ्याने मात्र ऐकलं नाही. सहा-सहा नजरेचा डोळा असं करूच शकत नाही, तेव्हा माझाच हात चुकतोय असं मी ठरवलं आणि फुरंगटून जेवायला बसले. बाबांनी त्या दिवशी थट्टासुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे तक्रार केली की मला टॉर्च जमत नाही.

"आईवर चालतो आणि वडलांवर चालत नाही, असा कुठला हात असतो?" मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्यांची नजर किती?"

"दोन्ही सहा-सहा."

"आधी कुठला डोळा घेतलास?"

"उजवा. नियमाप्रमाणे."

"आणि डाव्याच्या वेळी ओळ उलटी वाचून घेतलीस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"उजव्याने वाचलेलं डाव्याच्या वेळी तोंडात असतंच. डोळा बदलला की ओळ उलटवायची. उद्या घेऊन ये त्यांना."

बाबांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. व्हॅनची सर्व्हिसिंग आहे, कुणाच्या तरी घरी जायचंय. शेवटी मी आवाज चढवला. मुलांना शाळेत सोडून आमचे वर्ग भरतात त्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते व्हॅन घेऊनच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडमना म्हणाले, "मुलगी फार कडक आहे हो आमची. तुम्हीच शिकवलं का हे?"

मॅडमनी माझ्या हातात डोळा झाकायची काळी पळी दिली. तळहाताच्या फटींतून माणूस बघतो म्हणून ती वापरायची. तक्ता घरच्यासारखाच होता. उजव्याने बाबांनी सगळं वाचलं. मग मी उजव्यावर पळी धरली.

"आता तळाची ओळ, काका," मॅडम म्हणाल्या. "शेवटच्या अक्षरापासून उलटी."

बाबा मग नेहमीच्या चालीत पहिल्या अक्षरापासून सुरू झाले.

"उलटी, काका. बरं, ते राहू दे. मधलं कोणतं, तेवढं सांगा." मॅडमनी पट्टी एका अक्षरावर टेकवली.

मी बाबांच्या शेजारी उभी होते. त्यांचा अंगठा मांडीवर एकेका बोटाला लागत होता. ते अक्षरं मोजत होते. पट्टी कितव्या अक्षरावर आहे, हे मात्र त्यांना दिसत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या महिन्यात त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं. तिथे डोळे तपासतात, आणि असल्याच तक्त्यावर तपासतात. म्हणजे इतके दिवस माझा सराव चाललाच नव्हता. मी त्यांचं पाठांतर करून घेत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

मॅडमनी त्यांना आत डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्याचा दाब मोजला, नस बघितली. डावा जवळजवळ गेलेला होता. उजव्यात सुरुवात झाली होती, पण औषधाचे थेंब नेमाने घातले तर तो टिकण्यासारखा होता. बाबा बाहेर बाकावर येऊन बसले. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "सांग त्यांना. आणि हे आई-वडलांकडून मुलांत येऊ शकतं. तुझेही डोळे उद्या तपासू."

मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो. नजरेची नस हळूहळू..." पुढचा शब्द बदलावासा वाटला, पण दुसरा सुचेना. "दुखत नाही. कळत नाही. आणि..."

"आणि गेलेली नजर परत येत नाही," बाबांनी वाक्य पुरं केलं. "रोज घोकत होतीस की घरभर. तेव्हाच ओळखलं मी, हे आपलंच वर्णन चाललंय."

"मग बोलला का नाहीत?"

"व्हॅन गेली असती."

"व्हॅनमध्ये मुलं असतात, बाबा!" मी ओरडलेच. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. "डावीकडून सायकल आली तर दिसते तुम्हाला?"

"आरसा आहे ना," ते म्हणाले. मग त्यांनी व्हॅनची किल्ली बाकावर ठेवली. "दोनदा आरशातसुद्धा दिसली नाही."

इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी आली की कुठे बघावं ते मला कळेना. त्यांनी खिशातून फोन काढून दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगितलं, दुपारची मुलं तू आण, उद्याचीही आणि पुढचीही. व्हॅन दवाखान्याच्या फाटकापाशीच ठेवली. आम्ही पायी घरी आलो. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालले.

संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. आई एकदाही रागावली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग मी दारावरचा तक्ता काढायला गेले.

"राहू दे तो," बाबा म्हणाले. त्यांनी स्टूल सरकवलं आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. "तपास."

"कशाला? सगळं पाठ तर आहे तुम्हाला."

"तपास गं. उजवा आधी, नियम आहे ना?"

मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला, बोटांत फट राहणार नाही असा. बाबा वाचायला लागले. एवढ्या सावकाश ते कधीच वाचत नसत. एकेका अक्षरापाशी थांबत, मान थोडी पुढे काढत, तळाच्या आधीची ओळ त्यांनी संपवली.

"बाबा, शेवटची ओळ?"

"पाठ आहे," ते म्हणाले, "पण दिसत नाही."