गवताखालचे एकतीस खळगे

माझ्या पाठीवर एकतीस खळगे आहेत. सर्वांत मोठ्यात कोंबडीचे अंडे आडवे मावेल, सर्वांत लहानात जेमतेम एक वाटाणा. अठ्ठावीस गोल आहेत, दोन लांबट आणि एक अर्धवट सोडलेला, कारण तो कोरणाऱ्याच्या हातातला दगडच फुटला होता. मित्रांनो, उत्तरेच्या थंड समुद्रातल्या सारेमा बेटावर, हालिवेरे गावाच्या कुरणात मी पडलेलो आहे. जातीने ग्रॅनाइट, लांबीने साडेतीन मीटर, उंचीने गुडघ्याएवढा. वयाचे विचाराल तर तुमच्या कोणत्याही देवळापेक्षा जुना.

मी मूळचा इथला नाही. उत्तरेकडून आलेल्या बर्फाने मला ढकलत आणले आणि वितळताना इथेच टाकून दिले. मग माणसे आली. त्यांनी रान जाळून शेते केली, सातू पेरला आणि दगडाने दगड ठोकत माझ्या पाठीवर खळगे पाडले. त्यांत ते कापणीचे पहिले दाणे ठेवत. गाय व्याली की पहिला चीक ओतत. पावसाचे पाणी साचले की दुखरे डोळे त्याने धूत. डोळे बरे होत का, हे मला सांगता येणार नाही. लोक पुन्हा पुन्हा येत, एवढे मी पाहिले आहे.

एका हिवाळ्यात समुद्र इतका घट्ट गोठला की त्यावरून घोडे आले. घोड्यांवर लोखंडी कपड्यांतली माणसे होती आणि मागून पाद्री. गावची गढी पडली. गावाचा म्होरक्या हिमोट याचे दोन्ही मुलगे ओलीस म्हणून नेले गेले. उरलेल्यांना रांगेत उभे करून पाद्र्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर पाणी घातले आणि सांगितले, आता तुम्ही आमच्या देवाचे झालात.

घोडे परत गेले. बर्फ वितळला, माझे खळगे पाण्याने भरले. तेव्हा सारे गाव माझ्याकडे आले.

"पाण्यानं लावलंय, पाण्यानंच निघेल," असे म्हणून हिमोटने खळग्यात हात बुडवला आणि कपाळ खसाखसा घासले.

"कानामागं राहिलंय," त्याची बायको मेलिता म्हणाली. "तिथनंही ओघळलं होतं, मी पाहिलंय."

"घासू दे त्याला," मागून कोणीतरी बोलले. "लग्नानंतर पहिल्यांदाच अंगाला पाणी लागलंय. पाद्र्याचे उपकार माना."

सगळे हसले. हिमोट हसला नाही. त्याची पोरे अजून तिकडेच होती.

उन्हाळ्यात पाद्री परत आला. त्याच्या कानावर सारे गेले होते. धुण्याची जागा कोणती, हे सांगेपर्यंत त्याच्या माणसांनी हिमोटला झोडपायचे ठरवले होते. हिमोट एवढेच म्हणाला, "जागेला काय तोटा? सभोवार समुद्रच आहे की." त्याने माझे नाव घेतले नाही. मी चाळीस पावलांवर होतो आणि काठीचा प्रत्येक घाव मला ऐकू येत होता. दगडाला हलता येत नाही, हे खरे. तरीही ती लाज माझ्यात अजून आहे.

पाद्री गेल्यावर गावकऱ्यांनी मुळामातीसकट हिरवळीचे चौकोन कापून आणले आणि मला झाकून टाकले. मेलिताने नियम घालून दिला. "आजपासून इथं दगड नाही. हे फक्त आईनं लेकीला सांगायचं, तेही गाय व्याल्यावर. बाकी कुणी विचारलं तर काहीही सांगा, खरं सोडून."

हिमोटचा थोरला मुलगा परत आला नाही. धाकटा आला, गळ्यात क्रॉस घालून. त्यालाही कोणी काही सांगितले नाही. तो माझ्यावर बसून भाकरी खायचा आणि आपला बाप दुरून असा का पाहतो, हे त्याला कधी कळले नाही.

त्या नियमाने मला वाचवले. आजूबाजूचे दगड पाद्र्यांच्या देवळाच्या भिंतीत गेले. शेतात आडवे येणारे दगड लोक फोडत. दगडावर मोठा जाळ करायचा आणि तो तापला की वरून गार पाणी ओतायचे. आत फुगलेला आणि वर आकसलेला दगड आपोआप चिरतो. मी मात्र गवताखाली निजून होतो. बायका रविवारी देवळात जात आणि गाय व्याली की चाकूने हिरवळीचा कोपरा उचलून एका खळग्यात चीक ओतत. नियम पाळणारी शेवटची बाई म्हणजे वाइके. तिला मुलगी नाही. आता तिची ऐंशी उलटली आहे. तिच्या गोठ्यात एकच गाय उरली आहे.

वाइकेच्या बहिणीचा मुलगा उर्मास सुतारकाम करतो आणि गावातल्या मंडळाचा अध्यक्ष आहे. परकीयांविरुद्ध पूर्वजांनी केलेल्या उठावाची आठवण म्हणून आमच्याकडे एप्रिलच्या अखेरीस शेकोट्या पेटवतात. या वर्षी उर्मासला शेकोटी वाइकेच्या कुरणात हवी होती. त्याने फावड्याने माझ्या एका टोकावरची हिरवळ खरवडली. त्या टोकाला खळगे नाहीत.

"मावशी, हे बघ. चूल तयारच आहे. आसपासचं गवतही पेटायचं नाही."

"तिथं नको रे," वाइके म्हणाली. "तिथं ओल असते."

"दगडावर कसली ओल?"

"वारा लागतो तिथं."

"वारा लागला तर बरंच. धडाडून पेटेल."

"गाय बुजते."

"गाय गोठ्यात असेल, मावशी. तिला काय भाषण ऐकायचंय?"

खरे कारण सोडून वाइकेने सगळी कारणे सांगून पाहिली होती.

संध्याकाळी गाव जमले. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या. उर्मास बाकावर चढला आणि म्हणाला, "आपल्या पूर्वजांनी मान झुकवली नाही. त्यांचं पवित्र ते सगळं जाळलं, फोडलं, आपल्या हाती काही म्हणता काही उरलं नाही. निदान आठवण तरी आपण जपू." लोकांनी गाणी म्हटली, भाजलेले मांस आणि काळी पावरोटी वाटली. पोरे माझ्याभोवती फेर धरून नाचली. मित्रांनो, मला ते आवडले. इतकी शतके कोणी माझ्याभोवती जमले नव्हते. पोटात ऊब शिरत होती आणि मला वाटत होते की हा मान माझाच आहे. त्या उबेचा अर्थ मला ठाऊक असायला हवा होता. शेजारचे दगड कसे गेले, ते मी पाहिले होते.

लोक पांगले. मागे निखारे ठेवून जाणे बरे नव्हे, म्हणून उर्मासने विहिरीचे पाणी आणले आणि एकामागून एक बादल्या माझ्यावर ओतल्या. मोठा आवाज झाला. दारात उभी असलेली वाइके पायरीवर खाली बसली.

सकाळी ती चाकू घेऊन आली. उर्मास राख भरत होता. तिने उरलेल्या हिरवळीचे चौकोन कापून एकेक बाजूला ठेवले. उर्मासच्या हातातले फावडे थांबले. राखेपासून निघालेली चीर खळग्यांच्या मधून वाकडीतिकडी गेली होती आणि तिला बारीक फाटे फुटले होते.

"हा तोच," वाइके म्हणाली. "पाद्र्यानं घातलेलं पाणी आपल्या माणसांनी जिथं धुऊन काढलं, तो. माझ्या आईनं मला दाखवला, तिला तिच्या आईनं."

उर्मास खाली बसला. त्याने विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"बोलायचं नसतं." तिने चाकू गवतावर पुसला. "ते अर्धंच खरं. आता कोणता पाद्री विचारायला येतोय? मलाच लाज वाटली. म्हातारी दगडाला दूध पाजते म्हणून तू हसशील, असं वाटलं."

"हसलो असतो," उर्मास म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काल बाकावर उभा राहून मी म्हणालो की काही उरलं नाही. आणि हे पायाखाली होतं. दगड असा फुटतो, हे आजोबांनी मला शिकवलंय, मावशी. दहादा शिकवलंय. ध्यानातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं. आणि मी ओल असते म्हणून सांगत बसले."

दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. मग वाइके म्हणाली, "गाय पुढच्या आठवड्यात वितेय. खळग्यांत चीक राहतो का, बघायला हवं."

मित्रांनो, ज्यांची आठवण काढायची, त्यांचे काही उरले आहे का, हे आधी वाकून पाहा. गवत उचला, मग जाळ पेटवा. आणि तुमच्यापैकी कोणाला ते ठाऊक असेल, तर कोणी हसेल या भीतीने ओल असते म्हणून सांगू नका. मी सातशे-आठशे वर्षे शत्रूपासून जपला गेलो. आपल्या माणसांपासून मला कोणी जपायला हवे, हे कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही नाही.

उर्मासने खळग्यांतली माती बोटांनी काढली आणि दात घासायच्या ब्रशने कडा साफ केल्या. वाइकेने किटलीतून पाणी ओतून एकेक खळगा काठोकाठ भरला, अर्धवट सोडलेलासुद्धा. मग दोघे घरात गेले, कॉफी प्यायले आणि परत आले. उर्मास गुडघ्यांवर बसून एकेका खळग्यात बोट बुडवत पुढे सरकत गेला.

बावीस खळग्यांत पाणी होते. नऊ कोरडे होते.